आमच्या ऑफिसातले डीटीपी ऑपरेटर अजून एक्सपी आणि पेजमेकर सोडत नाहीत. लोक अपग्रेडला इतका विरोध का करतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या प्रकाशनातले ऑपरेटर काका विंडोज एक्सपी आणि पानं लावायच्या पेजमेकर ७ या जुन्या सॉफ्टवेअरवर अडून बसलेत, आणि हा आळस म्हणायचा की भीती. दोन्ही नाही. मी २७ वर्षं कोल्हापुरात डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम, करतोय आणि हे दोन शब्द मी माझ्या घरात, माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेजमेकर ७ आलं २००१ साली, आणि त्यानंतर पुढचं पेजमेकर आलंच नाही. हे काकांना तुमच्याइतकंच माहीत आहे. पण मराठी जोडाक्षरं नीट जुळवण्याची अधिकृत सोय पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये आली ती २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीपासून. मधली ११ वर्षं पुस्तकं निघतच होती ना? दिवाळी अंक, पंचांगं, लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, सगळं जुन्या फाँटात आणि डोंगल (संगणकाला खोचायची, परवान्याची किल्ली) लावून चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर व्हायचं. त्या ११ वर्षांचा माल काकांच्या हार्डडिस्कवर आहे. तो सोडून कुठं जायचं त्यांनी?

आता माझं सांगतो. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद झाला, म्हणजे सुरक्षेची अपडेट मिळणं थांबलं. माझा धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे. तेव्हापासून त्याचा रोज फोन, "दादा, मशीन बदल, धोका आहे." मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. त्या वर्षी २९ ऑगस्टला गणपती बसले. भाऊ घरी आला आणि दुसऱ्या दिवशी मी कागदवाल्याकडे गेलो असताना त्यानं मशीन फॉरमॅट करून ६४ बिटचं नवं विंडोज घातलं. मला सरप्राइज द्यायचं होतं त्याला. मायेनंच केलं, त्यात शंका नाही. फाइलींचा बॅकअपही घेतला होता. पण फाँट राहतात विंडोजच्या फोल्डरात, आणि ते त्यानं घेतलं नाही. डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा, तो नव्या विंडोजवर बसेना.

हातात २०८ पानांचा दिवाळी अंक होता, म्हणजे १६ पानी १३ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा). त्यातले ८ लावून झालेले.

नव्या सॉफ्टवेअरनं पेजमेकरची फाइल उघडली, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरं, डॉलर आणि कंस. जुन्या फाँटात 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो, कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क' चं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की चित्र गेलं. भाऊ म्हणाला, कन्व्हर्टर आहे की, युनिकोड करून टाकू. (युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवतात.) केलं. वरवर सगळं बरोबर दिसलं आणि मी निर्धास्त झालो. मुद्रितशोधक बाईंनी प्रूफ हातात घेतलं तेव्हा कळलं काय झालंय ते. कन्व्हर्टरला 'ऱ्या' मधला अर्धा र कळलाच नव्हता. एका कवितेत 'दऱ्या' होत्या, त्यांचा 'दर्या' झाला. डोंगरातली कविता समुद्रात गेली, आणि ओळ वाचायला अगदी ठीक वाटत होती! जिथं अक्षर फुटतं तिथं चूक डोळ्यांना दिसते तरी. इथं प्रत्येक ओळ अर्थ लावून वाचायची वेळ आली. रफार आणि पहिली वेलांटी एकत्र आली की आणखी घोळ, 'आर्थिक' हा शब्द मी चार तऱ्हांनी चुकलेला पाहिला.

त्यात युनिकोड फाँटात अक्षरांची रुंदी वेगळी, ओळी सरकल्या आणि २०८ ची २१९ पानं झाली. म्हणजे फर्मा वाढला, कागद वाढला. जाहिरातदारांना ठरवून दिलेली पानं हलली, अनुक्रमणिका पुन्हा करावी लागली.

पण सगळ्यात वाईट वाटलं ते आमच्या ऑपरेटर ताईंचं. त्या मराठी टाइपरायटरवर शिकलेल्या. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. ताई कीबोर्डकडे न बघता दिवसाला २० पानं काढायच्या. त्या आठवड्यात त्यांचं बोट दर शब्दाला आधी वेलांटीवर जायचं, मग त्या थांबायच्या, खोडायच्या. दिवसाला ६ पानं व्हायला लागली. एका संध्याकाळी म्हणाल्या, "मला आता येत नाही वाटतं काम." २२ वर्षं काम केलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकणं मला अजून सहन होत नाही.

शेवटी इचलकरंजीच्या एका व्यवसायबंधूकडे एक्सपीची मशीन आणि तोच फाँट मिळाला. बॅकअप आणि डोंगल घेऊन ९ रात्री तिथं बसलो. अंक बाजारात यायला वसुबारस उजाडली, आणि त्यानंतर त्या संपादकांनी मला काम दिलं नाही.

भाऊ आजही म्हणतो, "दादा, मी केलं ते बरोबरच होतं, फक्त वेळ चुकली." नाही. अपडेट आणि अपग्रेड या दोन गोष्टींची त्यानं तेव्हा भेळ केली आणि तुमच्या प्रश्नातही तीच आहे. सुरक्षेतलं भोक बुजवणारं अपडेट वेगळं, ते घ्यावंच. नवी आवृत्ती म्हणजे माणसाचा हात, फाइली, फाँट, पानं, सगळं नव्यानं बसवणं. त्याचा खर्च "अपग्रेड कर" म्हणणारा कधीच भरत नाही, मशीनसमोर बसणारा भरतो. म्हणून ते कधी करायचं हे त्यानंच ठरवायचं.

मात्र भावाची बाजूही सांगायला हवी. एक्सपीला इंटरनेट लावून ठेवणं चूकच. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला, त्याचं भोक बुजवणारं अपडेट सपोर्ट चालू असलेल्या विंडोजसाठी मार्चमध्येच निघालेलं होतं, एक्सपीला ते हल्ल्यानंतर मिळालं. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. (तो सुटला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, हे मी भावाला दर वेळी सांगतो. आणि तो मला सांगतो की पुढं तो पसरला ते अपडेट न घेतलेल्या मशीनींवरूनही. दोन्ही खरं आहे.) तेव्हा काकांच्या मशीनची नेटची वायर आजच काढा. मेल आणि बँक दुसऱ्या मशीनवर, नेआण पेन ड्राइव्हनं, तोही आधी तपासून.

जुना मजकूर मात्र युनिकोडमध्ये आणायला लागा. इथं मी काकांच्या बाजूनं नाही. सॉफ्टवेअर जुनं चालेल, मजकूर जुन्या फाँटात अडकून चालणार नाही. नवं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडतच नाही, सीएस६ पर्यंतचं उघडतं. हार्डडिस्क एक दिवस जाणारच. मी महिन्याला एक पुस्तक या हिशेबानं काढतोय. प्रत्येक कन्व्हर्जननंतर र्य आणि र्ह शोधून एकेक ठिकाण डोळ्यांनी बघतो, सगळीकडे एकदम बदलत नाही, नाहीतर 'सूर्य' चा 'सूऱ्य' होतो.

ताई आता युनिकोडच टाइप करतात. त्यांचा जुना टाइपरायटर लेआउट युनिकोडमध्येही मिळतो, भावानंच २०१६ मध्ये शोधून बसवून दिला. बसवायला पाच मिनिटं लागली. माझी एक्सपी आता नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) म्हणून चालते, डोंगलसकट, नेटशिवाय. तेही त्यानंच केलं. तेव्हा २०१४ मध्ये फॉरमॅट मारायच्या आधी एक दिवस ताईंच्या शेजारी बसला असता, तर हे दोन्ही त्याला तेव्हाच सुचलं असतं. तुम्ही काकांच्या शेजारी बसा. फाँट कुठं आहेत, डोंगल कुठला, वेलांटी आधी मारतात की नंतर, हे विचारा आणि लिहून घ्या. त्यांच्या हातातला अंक छापून झाला की मग मशीनला हात लावा.