निर्दोष सुटलेल्यावर पुन्हा खटला भरता येतो का?

प्रश्न (गडहिंग्लज): बांधाच्या वादातून थोरल्या भावाचा हात कुऱ्हाडीच्या तुंब्याने मोडला. दोन साक्षीदार फितूर झाले आणि गेल्या आठवड्यात मॅजिस्ट्रेट कोर्टाने आरोपींना निर्दोष सोडले. आता शेजारच्या पोराच्या मोबाइलवर मारहाणीचा व्हिडिओ सापडलाय. नवी फिर्याद देऊ का?

उत्तर: नको, ती टिकणार नाही. राज्यघटनेचे कलम २०(२) शिक्षा भोगलेल्याला संरक्षण देते. निर्दोष सुटलेल्याला ते मिळते नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३३७ मुळे (पूर्वीचे ३००). कलम बदलून फिर्याद देण्याचा सल्ला काहीजण देतात, पण तोही मार्ग बंद आहे. नोकर चोरीच्या आरोपातून सुटला, तर त्याच हकिकतीवर त्याच्यावर विश्वासघाताचा खटला चालत नाही, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे.

तुमचा रस्ता अपिलाचा. अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, पहिल्याचाच पुढचा टप्पा. म्हणून कलम ३३७ त्याला आड येत नाही.

आजच निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. याच संहितेच्या कलम ४१३ च्या परंतुकाप्रमाणे (कलमाला जोडलेल्या अटीप्रमाणे) पीडिताला स्वतः अपील करता येते, त्यासाठी कोर्टाची आगाऊ परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. निकाल मॅजिस्ट्रेटचा असल्याने अपील सत्र न्यायालयात जाईल. अपिलावर सही भावाची हवी, कारण पीडित ते आहेत, तुम्ही नाही. या अपिलाची मुदत कलमात लिहिलेली नाही, पण त्यावर विसंबू नका. ३० दिवसांत दाखल करा; उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. सरकारला ९० दिवस असतात, म्हणून सरकारी वकिलांनाही लगेच भेटा. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असेल, तर जिल्हा दंडाधिकारी त्यांना सत्र न्यायालयात अपील करण्याचा आदेश देऊ शकतात.

व्हिडिओ अपिलात आणता येतो, पण आपोआप नाही. त्याच संहितेच्या कलम ४३२ खाली जादा पुराव्याचा अर्ज करावा लागतो आणि व्हिडिओ खटल्याच्या वेळी का मिळाला नाही, हे पटवून द्यावे लागते. बरेच अर्ज इथेच पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत चालवू नका. मूळ मोबाइल जपा, क्लिप कापू नका, नाव बदलू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र दोन भागांत लागते: एक मोबाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याचे, दुसरे तज्ज्ञाचे. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा संगणकी ठसा) नोंदवायची असते.

तरी सगळी भिस्त व्हिडिओवर ठेवू नका. मुक्ततेनंतर निर्दोषत्वाचे गृहीतक आणखी घट्ट होते; पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील, तर अपील कोर्ट सहसा मुक्तता कायम ठेवते. निकाल ओळीओळीने वाचा. भावाची स्वतःची साक्ष, एक्स-रे आणि डॉक्टरांची जबानी कोर्टाने कोणत्या कारणाने बाजूला ठेवली? जखमी साक्षीदाराच्या साक्षीला कायद्यात मोठे वजन आहे आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी जबानी बाद होत नाही. अपिलाचे मुद्दे इथून काढा.

अपील कोर्ट फेरखटल्याचा आदेश देऊ शकते, पण क्वचितच. गुजरातमधल्या बेस्ट बेकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो दिला आणि खटला महाराष्ट्रात चालला, कारण मूळ खटलाच नीट चालला नव्हता. सत्र न्यायालयानंतर उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आहे.

प्रश्न (इचलकरंजी): मी निर्दोष सुटलो, तरी सहा महिन्यांचा जामीन बाँड का घेतला?

उत्तर: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ प्रमाणे. सरकारने किंवा फिर्यादीने अपील केले, तर वरच्या कोर्टाची नोटीस आल्यावर हजर राहाल याची ती हमी आहे. तो नव्या गुन्ह्याचा भाग नाही. पत्ता बदलला तर वकिलांना कळवा.

प्रश्न (कागल): चेकच्या केसमध्ये तारखेला गैरहजर राहिलो, केस निकाली निघाली. पुन्हा दाखल करू?

उत्तर: आदेशाची नक्कल आधी वाचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ (पूर्वीचे २५६) खाली आरोपीची मुक्तता झाली असेल, तर पुरावा झालेला नसला तरी ती निर्दोष मुक्तताच. त्याच चेकवर नवी तक्रार चालणार नाही. चेकच्या केसमधला फिर्यादी हा पीडितच आणि त्याला विशेष परवानगीशिवाय अपील करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. सत्र न्यायालयात अपील करा आणि गैरहजेरीचे कारण कागदाने दाखवा: दवाखान्याची कागदपत्रे, एसटीचे तिकीट, जे असेल ते. याउलट आरोप ठेवण्याआधी ‘डिस्चार्ज’ झाला असेल (खटला न चालवताच आरोपीला सोडले असेल) किंवा पोलिसांनी ‘बी समरी’ (फिर्याद खोटी असल्याचा अहवाल) पाठवली असेल, तर ती निर्दोष मुक्तता नव्हे. तिथे पुन्हा कारवाईला वाव राहतो.