सोन्याचे कण, आजीचा आजार आणि बारावीनंतरची वाट

नमस्कार,

आजी तोंडाच्या कॅन्सरने गेल्या आणि तेव्हापासून तुमची मुलगी ‘सोन्याचे कण तापवून गाठ जाळतात’ त्या उपचाराबद्दल मिळेल ते वाचते आहे. आता बारावीनंतर तिला एका खासगी कॉलेजात नॅनोटेक्नॉलॉजीचं बी.टेक. करायचंय. फी भरू का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, थांबा. तिचा विषय अगदी योग्य आहे, फक्त दार वेगळं निवडा.

आज रात्री दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च तिच्या बोटांमागे धरा. बोटं लालभडक दिसतील. हिरवा-निळा प्रकाश रक्त शोषून घेतं, लाल पार होतो. त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी आत शिरतो. सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळीवर सोन्याचा पातळ थर चढवला की ती नेमका तोच प्रकाश शोषून तापते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये हे उंदरांमध्ये दाखवलं. प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष यायला २०१९ उजाडलं. तिथेही प्रकाश बाहेरून पोचत नाही, म्हणून लेसरची फायबर गाठीपर्यंत न्यावी लागली. एवढा धीर लागतो या कामाला.

आणि हॅलास शिकल्या काय? पदवी रसायनशास्त्रात, पीएच.डी. भौतिकशास्त्रात. वेस्ट केमिकल इंजिनिअर. म्हणून म्हणतो, आधी एक मूळ विषय पक्का होऊ द्या. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस उत्तम. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. नाही जमलं तर चांगल्या कॉलेजातून बी.एस्सी. आणि ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. आयआयटी मुंबईच्या बायोसायन्स विभागात या उपचारावर काम चालतं; खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. ‘नेट’ परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ला महिना ३७,००० रुपये सुरू होतात, तेव्हा खर्चाची धास्ती नको.

पीएच.डी.पर्यंत थांबणं शक्य नसेल, तर फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा, म्हणजे उपचारातल्या किरणांच्या भौतिकशास्त्राचा, डिप्लोमा करता येतो. मग कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून ती रोज रुग्णांच्याच उपयोगी पडेल.

तिला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये जास्त रस वाटतो की फिजिक्सच्या, ते तिलाच विचारा आणि मला कळवा. कॉलेजची यादी त्यानुसार करू.