वन टनमध्ये डिझेल इंजिन घालण्याआधी

निसान वन टन, म्हणजे लष्कराचा जुना ट्रक, मिळाली, अभिनंदन! जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ही गाडी दणकट आहे, पण इंजिनाची घाई करू नकोस. मूळचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन आधी उघडून बघ. मला त्याचा आवाज अजून प्रिय आहे. डिझेलच ठरलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घे. मग ब्रेक. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या हवेच्या ओढीवर) चालत असेल तर डिझेलकडून तो व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा पंप लागतोच. यात तडजोड नको, घाट उतरायचाय तुला. बेलहाउसिंगचा अडॅप्टर, म्हणजे नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारा तुकडा, लेथवरच करून घे. गिअरबॉक्सचा शाफ्ट केसभर जरी तिरका बसला तरी क्लच आणि बेअरिंग टिकत नाहीत. वायरिंग २४ व्होल्टचं असेल तर स्टार्टर त्यालाच जुळणारा घे.