कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ची प्रत करताना हिरवा रंग सपाट का होतो?

तुम्ही तैलरंगात प्रत करताय आणि झाडं, कुरण, काठ सगळं एकसारखं हिरवं दिसतंय, असं लिहिलंय. दोष बहुधा ट्यूबमधल्या तयार हिरव्याचा आहे, आणि पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केल्याचा.

‘द हे वेन’ म्हणजे ‘गवताची गाडी’: नदीच्या पाण्यात उभ्या घोडागाडीचं, इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं चित्र. मूळ चित्र 1821 चं, साधारण 130 × 185 सेंमी, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जागा इंग्लंडच्या सफोक परगण्यातली, स्टाउर नदीवरच्या फ्लॅटफर्डची. रंगवलं मात्र लंडनच्या स्टुडिओत. त्याआधी कॉन्स्टेबलने त्याच मापाचं कच्चं तैलचित्र केलं होतं. ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्रत करणाऱ्याने आधी तेच पाहावं. त्यात तपकिरी अस्तर (रंगवण्याआधी कॅनव्हासवर दिलेला रंगाचा थर) जागोजागी उघडं दिसतं आणि हिरव्याला ऊब तिथूनच मिळते.

35 × 50 सेंमी कॅनव्हास घेतलात तर प्रमाण जवळजवळ जुळतं. तसंच अस्तर मिळायला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावा, फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. ओल्यावर रंगवलंत तर सिएना वर येऊन आकाश मळतं.

हिरवे तीन तरी वेगळे मिसळा: अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर (दूरची झाडं), आयव्हरी ब्लॅक आणि पिवळा (सावलीतला ऑलिव्ह), प्रशियन ब्लूचा अगदी कण आणि लेमन यलो (उन्हातलं कुरण). प्रशियन ब्लू जरा जास्त झाला की सगळं गिळतो. हे रंग कॅनव्हासवर घोटू नका, छोटे फटके शेजारी-शेजारी ठेवा. हिरव्यांची ही विविधताच कुरणांना सरस करते, हे कॉन्स्टेबलचं म्हणणं फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलंय.

उजळ करायला पांढरा ओतू नका. टायटॅनियम व्हाइटने हिरवा थंड आणि खडूसारखा होतो, पिवळा वाढवा. पानांवरचे, पाण्यावरचे पांढरे ठिपके शेवटी, खालचा थर सुकल्यावर, जाड रंगाने आणि हलक्या हाताने द्या. ओल्यात दिलेत तर खालचा रंग मिसळून त्यांची चमक जाते. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं वाढवत न्या. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकून तडकतो.

ढगांचे तळ सपाट आणि करडे ठेवा, क्षितिजाकडे ढग लहान करत जा. नदीच्या पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब आकाशापेक्षा किंचित गडद हवं.

बऱ्याच प्रतींत गाडीवर गवताचा ढीग रचलेला दिसतो. मूळ गाडी रिकामी आहे. गवत कापणारे उजवीकडे दूरच्या कुरणात आहेत. घोड्यांच्या साजावरचा लाल मात्र सोडू नका. तो लहानसा लाल नसेल तर एवढ्या हिरव्याला तोलणारं काही उरत नाही, म्हणून दुसरीकडे कुठेही तितका शुद्ध लाल वापरू नका.