एमआरआयचा कागद जरा बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

तुझा रिपोर्ट वाचला. एल४-एल५ आणि एल५-एस१ या कमरेच्या मणक्यांमधल्या दोन गाद्यांतलं पाणी कमी झालंय, एक थोडी मागे फुगलीय, आणि खाली ‘डिजनरेटिव्ह डिस्क डिसीज’, म्हणजे गादीची झीज. सत्ताविसाव्या वर्षी हे वाचून पोटात गोळा येणारच. वर कुणीतरी ‘मणक्यात गॅप आलाय, आता वजन उचलणं विसर’ असंही सांगून गेलंय.

पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन तपासणारे ३३ अभ्यास २०१५ मध्ये एकत्र मांडले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. तेव्हा तुझं दुखणं त्याच गादीतून येत असेलही, पण ते नुसत्या कागदावरून ठरत नाही. डॉक्टरांनी झोपवून पाय उचलून बघितला का, पायातली ताकद तपासली का, ते मला कळव. रिपोर्टच्या फोटोपेक्षा मला त्याची जास्त गरज आहे.

गादीच्या आत जेलीसारखा गर असतो, भोवती तंतूंचं घट्ट कडं. मोठेपणी तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पोषण वरखालच्या मणक्यांतून झिरपत येतं, म्हणून ती सावकाश दुरुस्त होते. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत भरतं. सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो ते यामुळेच. पण त्या वेळी गादी फुगून ताठ असते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकू नकोस. घरचे पहाटे सूर्यनमस्कार घालायला सांगतील. घाल की, पण हे दुखणं निवल्यावर आणि उठल्या उठल्या नको.

खुर्चीला आणि बाइकला फार शिव्या देऊ नकोस. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात गाद्या झिजण्यात कामाच्या जडपणापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. सिगरेट मात्र सोड, त्यावर वाद घालणार नाही.

आता खरं काम. अंथरुणात एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नकोस. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाल, सकाळ-संध्याकाळ, आणि दर आठवड्याला थोडा वेळ वाढव. तुझ्या वयाची मुलं इथेच घसरतात: बरं वाटलं की एका दिवसात सगळी कसर भरून काढतात, मग चार दिवस कण्हतात, आणि ‘व्यायामाने वाढलं’ म्हणून व्यायामच बंद. ठरलेली दहा मिनिटं चांगल्या दिवशीही दहाच, आणि वाईट दिवशी निदान पाच. चालताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत निवलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही कळ वाढलेली असेल किंवा ती पायात खाली उतरत असेल, तर एक पायरी मागे ये. पोटाचे, पाठीचे आणि नितंबांचे व्यायाम फिजिओकडून समोर करून घे, व्हिडिओ बघून नको.

बेल्ट लांबच्या प्रवासापुरता. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस. मेडिकलवाल्याकडून परत परत आणल्यास तर पोट आणि किडनी त्रास देतील. ऑपरेशनचा विचार आत्ता डोक्यातच आणू नकोस, बहुतेकांना ते लागत नाही.

हे मात्र घरच्यांनाही वाचून दाखव. लघवी अडली, शौचाचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. पाऊल उचलता येईना, चप्पल निसटू लागली, तर त्याच दिवशी. दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तरी डॉक्टरांना लगेच सांग.

रविवारचा राजगड पुढे ढकल. दिवाळीनंतर बघू, तोवर न थांबता तासभर चालता येऊ लागलं तर पाली दरवाजाने आपण दोघं जाऊ, सॅक मी घेईन.

तुझा,
काका