वडिलांचा कॅन्सर अर्जात लिहायचा का?

प्रश्न : वय ४३, साताऱ्यात राहतो. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि त्यांच्या बीआरसीए२ जनुकात दोष सापडला. मी जनुक चाचणी करावी का? एजंट २० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी (ठरावीक गंभीर आजार निघाला की ठरलेली रक्कम देणारी) घ्या म्हणतो, पण वडिलांचं आजारपण अर्जात लिहू नका, असंही सांगतो. कंपनीचा आरोग्य विमा ५ लाखांचा. एका गॅरंटीड प्लॅनमध्ये दहा वर्षं १ लाख २० हजार भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख मिळणार. चार हप्ते झाले. त्यात विमा १२ लाखांचा. गृहकर्ज ३५ लाख, मुलं शाळेत. एक धाकटी बहीण आहे.

उत्तर : चाचणी करा. तो दोष तुमच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी आहे. वडिलांचा रिपोर्ट असल्याने जनुकातली तेवढीच जागा तपासायची, म्हणून खर्चही कमी. दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पण धोका बराच वाढतो, आजार आक्रमक असू शकतो, म्हणून अशांना चाळिशीपासून पीएसए तपासत राहायला सांगतात. ती साधी रक्ततपासणी आहे.

आता तो एजंट. अर्जात कुटुंबातल्या आजारांचा रकाना असतो. तिथे ‘नाही’ लिहून सही केलीत, तर माहिती लपवली म्हणून आयुर्विम्यात तीन वर्षं आणि आरोग्य विम्यात पाच वर्षं कंपनी क्लेम नाकारू शकते. आरोग्य विम्यात फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. ‘तेवढी वर्षं निघतील’ या भरवशावर बायकामुलांना ठेवू नका.

शिवाय ती पॉलिसी तुमच्या कामाची किती? तिच्यातली कॅन्सरची व्याख्या वाचा. प्रोस्टेटच्या गाठीचा ग्लीसन स्कोअर, म्हणजे गाठ किती आक्रमक ते सांगणारा आकडा, सहापेक्षा जास्त हवा, नाहीतर आजार किमान टी२ टप्प्यापर्यंत गेलेला हवा. म्हणजे नेमाने तपासण्या करून तुम्ही आजार अगदी सुरुवातीला, कमी स्कोअरवर पकडलात, तर २० लाखांतला रुपयाही मिळायचा नाही. ज्या आजाराच्या भीतीने पॉलिसी विकतोय, त्याचीच ही अट एजंटने तुम्हाला सांगायला हवी होती. मला याचा संताप येतो.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. कर्ज ३५ लाख आणि विमा १२ लाख! उद्या तुम्हाला काही झालं, कॅन्सर सोडा, अपघात झाला, तरी घरच्यांवर २३ लाखांचं कर्ज उरेल आणि शाळेची फी वेगळी. त्या प्लॅनचा परतावा सव्वातीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे. साधी एफडीही जास्त देते. टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) हातात आला की हा प्लॅन पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून भरलेल्या हप्त्यांपुरताच चालू ठेवा. उरलेले सहा हप्ते म्हणजे ७ लाख २० हजार वाचतील. त्यातून एक कोटीचा टर्म आणि स्वतःचा १५ लाखांचा आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो.

हे दोन्ही अर्ज याच महिन्यात करा, वडिलांचा आजार आणि विचारलं तर त्यांचा जनुक रिपोर्टही लिहून. हप्ता जास्त लागला तर लागू दे. एका कंपनीने नकार दिला, तर पुढच्या अर्जात तोही लिहा. पॉलिसी आली की चाचणी; न केलेल्या चाचणीत लपवण्यासारखं काही नसतं. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर मात्र चाचणी अडवून ठेवू नका.

रिपोर्टची प्रत बहिणीला आजच पाठवा. तिचीही शक्यता निम्मीच, आणि बायकांत या दोषामुळे स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.