खालची बारीक अक्षरं आधी वाचा

जुनं छापचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र, सुंदर आहे म्हणून लगेच पैसे मोजू नका. आधी खालची बारीक अक्षरं वाचा. जुन्या फ्रेंच छापचित्रात साधारणपणे डावीकडे मूळ चित्रकाराचं नाव असतं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं. त्यापुढे 'स्कुल्प.' ('यानं कोरलं' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचं लघुरूप) दिसलं, तर तांब्याच्या पत्र्यावर हात चालला तो याचाच. नवखे इथेच फसतात आणि सगळं श्रेय चित्रकाराला देऊन मोकळे होतात.

झाक-लुई कोपिया या फ्रेंच कोरणाऱ्याचंच बघा. 'स्वातंत्र्य' ही हातात कुऱ्हाड घेतलेली, जुलमाचा बहुमुखी सर्प पायाखाली तुडवणारी स्त्री रेखाटली चित्रकार प्रुदोंनं, पण ती छापात उतरवली कोपियानं. कोपिया १७९९ मध्ये गेला, जेमतेम पस्तिशीत.

तो ठिपक्यांनीही छाया कोरायचा. त्यामुळे भिंगाखाली ठिपके दिसले की 'नक्कल!' म्हणून ओरडू नका. हाताचे ठिपके लहानमोठे असतात, यांत्रिक छपाईचे मात्र शिस्तीत रांगेत. (मीही एकदा असाच ओरडलो होतो.)

कडेला पत्र्याचा दाब उमटलेला असला, तरी हुरळू नका. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाकडे असलेल्या जुन्या पत्र्यांवरून आजही प्रती निघतात. पत्रा जुना असला तरी कागद नवा असू शकतो, म्हणून तो उजेडासमोर धरून बघाच. आणि कडा कापलेली प्रत शक्यतो टाळा, नावं तिथेच असतात.